गरजेपुरता पाया

धर्मग्रामातील तरुण प्रमुख धर्मगुरूंकडे ज्या कामांसाठी येतात, त्यांची यादी सर्वांना ठाऊक आहे. दाखले, शिफारसपत्रे, लग्नाच्या तारखा, घरातील वाद. गेल्या काही वर्षांत माझ्यापुरती तरी या यादीत एका कामाची भर पडली आहे. 'फादर, नवीन कॉम्प्युटर जुळवायचा आहे, प्रोसेसर कोणता घेऊ?' असे विचारत मुले येतात. सुटे भाग आणून संगणक जुळवण्याचा मला जुना नाद आहे आणि गावात कोणाचा कसला नाद आहे ही बातमी लपून राहत नाही.

या नादाचे मूळ सेमिनरीत आहे. आमच्या विद्यार्थिदशेत, म्हणजे १९९०च्या दशकात, सेमिनरीच्या ग्रंथालयात एकच संगणक होता. त्यात ४८६ जातीचा प्रोसेसर होता आणि त्याचा वेग होता ६६ मेगाहर्ट्झ. त्या काळी निवड हा प्रश्नच फारसा उद्भवत नसे. ३३पेक्षा ६६ चांगला, ६६पेक्षा १०० चांगला. एक आकडा पाहिला की निकाल लागे. खिशात जेवढे पैसे असतील तेवढा मोठा आकडा घ्यायचा, एवढेच शहाणपण पुरेसे होते.

आज तो एक आकडा उरलेला नाही. त्याची कथा थोडक्यात सांगायला हवी, कारण पुढचा सारा गोंधळ तिच्यातून निर्माण झाला आहे. इंटेल कंपनीने १९७१ साली '४००४' नावाचा पहिला प्रोसेसर बाजारात आणला, तेव्हा त्यात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. १९९३च्या पेंटियममध्ये ते ३१ लाख झाले. ट्रान्झिस्टर जितके लहान होत गेले तितका त्यांचा वेग वाढत गेला आणि विजेची भूकही आटोक्यात राहिली. विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत हा सुखाचा संसार चालला. पुढे मात्र वेग वाढवला की उष्णता आवरेना. ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आणण्याचा बेत इंटेलला २००४ साली सोडून द्यावा लागला. एका घोड्याला आणखी पळवता येत नाही असे दिसताच कारखानदारांनी गाडीला दोन घोडे जुंपले. २००५ साली इंटेल आणि एएमडी या दोन्ही कंपन्यांनी घरगुती संगणकांसाठी दोन कोअरचे प्रोसेसर आणले. कोअर म्हणजे एकाच चकतीवर शेजारी शेजारी बसलेले स्वतंत्र कामगार. दोनाचे चार झाले, चाराचे आठ, आठाचे सोळा. आज घरगुती संगणकाच्या वरच्या पायरीवर सोळा किंवा चोवीस कोअर ही नेहमीची गोष्ट आहे.

म्हणून आज दुकानात उभे राहिलेल्या माणसापुढे एक आकडा नसून आकड्यांची पंगत असते. किती कोअर, किती गिगाहर्ट्झ, किती कॅश मेमरी, किती वॅट, कोणते सॉकेट. शिवाय नावाच्या शेपटाला के, केएफ, एक्स, एक्सथ्रीडी अशी अक्षरे असतात. शिकलेला माणूसही या पंगतीत भांबावतो आणि शेवटी सर्वांत महाग ते सर्वांत चांगले असे म्हणून सुटका करून घेतो.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५च्या उन्हाळ्यात, असाच एक मुलगा माझ्याकडे आला. लग्नसमारंभांचे चित्रीकरण करून त्याच्या फिल्म तयार करणे हा त्याचा व्यवसाय. आपल्या वसई भागात लग्नांचा हंगाम केवढा मोठा असतो हे वाचकांना सांगायला नको. कॅमेरा त्याने कर्ज काढून घेतला होता आणि ते कर्ज फेडूनही टाकले होते. संगणक मात्र आठ वर्षांचा म्हातारा होता. डिसेंबरातल्या लग्नाची फिल्म ईस्टरपर्यंत हातात पडत नाही अशी तक्रार लोक करू लागले होते आणि दोन कामे त्या कारणाने हातची गेली होती.

तो एक कागद घेऊन आला होता. कागदावर सर्वांत वर एएमडीचा थ्रेडरिपर ७९६०एक्स होता. चोवीस कोअरचा हा प्रोसेसर नोव्हेंबर २०२३मध्ये १,४९९ डॉलर किमतीला बाजारात आला. त्याच्याखाली रायझन ९ ९९५०एक्सथ्रीडी होता, सोळा कोअरचा, मार्च २०२५मध्ये ६९९ डॉलरला आलेला. तिसरा इंटेलचा कोअर अल्ट्रा ९ २८५के, चोवीस कोअरचा, ऑक्टोबर २०२४मध्ये ५८९ डॉलरला आलेला. आपल्याकडे येईपर्यंत या किमतींवर वाहतूक, व्यापाऱ्याचा नफा आणि १८ टक्के जीएसटी चढतो. थ्रेडरिपर घेतला तर त्याचा मदरबोर्ड निराळा, त्याची मेमरीही निराळ्या जातीची आणि दोन्ही महाग. मुलाचा सारा हिशेब साडेतीन लाखांच्या पुढे गेला होता.

पैसे त्याचे नव्हते. ते त्याच्या वडिलांचे होते. वडील गवंडी. चाळीस वर्षे त्यांनी दुसऱ्यांची घरे बांधली आणि गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा थापी खाली ठेवली. सहकारी बँकेत म्हातारपणासाठी म्हणून ठेवलेली मुदत ठेव तेवढी त्यांची पुंजी होती. मुलाने ती मोडायला सांगितली होती. वडिलांनी नकार दिला नव्हता, होकारही दिला नव्हता. 'फादर सांगतील तसं करू,' एवढेच ते बोलले होते. घरात आठ दिवस अबोला होता, हे मला मुलाच्या आईकडून कळले.

वाचकहो, असे निर्णय जेव्हा कोणी आपल्या खांद्यावर ठेवतो तेव्हा त्या ओझ्याची जाणीव फार तीव्र असते. यंत्र कमी पडले तर मुलाचा धंदा बसणार. यंत्र गरजेपेक्षा मोठे झाले तर बापाच्या घामाचा पैसा मातीत जाणार. आणि दोन्हींपैकी काहीही झाले तरी बाप-लेकांतला अबोला आठ दिवसांवरून आठ वर्षांवर जाण्याची भीती.

सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्हांला एक जुने सूत्र शिकवले होते. जे हेतूत प्रथम असते, ते कृतीत शेवटी येते. घर बांधणाऱ्याच्या मनात राहण्याचा विचार आधी असतो, पण राहायला जाणे सर्वांत शेवटी घडते. त्यामुळे साधन निवडताना शेवटापासून मागे यावे लागते. मी मुलाला प्रोसेसरबद्दल एक शब्दही बोललो नाही. त्याला शंभर पानी वही दिली आणि सांगितले, 'पंधरा दिवस ही संगणकाजवळ ठेव. काम करताना ज्या ज्या वेळी तुला थांबावं लागेल, त्या वेळी कशासाठी थांबलास आणि किती वेळ, ते लिही.'

त्याला ते पटले नाही. 'फादर, सगळंच स्लो आहे, लिहायचं काय?' असे तो म्हणाला. तरी त्याने लिहिले.

पंधरा दिवसांनी वही उघडून आम्ही बेरीज केली. एकूण ४१ तास तो नुसता थांबून राहिला होता. त्यांपैकी १७ तास कॅमेऱ्यातील चित्रफीत पडद्यावर अडखळत चालते म्हणून तिच्या हलक्या प्रती तयार करण्यात गेले होते. रंग सुधारणे आणि निरनिराळे परिणाम देणे यांत ९ तास. फिल्म पूर्ण झाल्यावर ती अंतिम स्वरूपात बाहेर काढण्यात ७ तास. कॅमेऱ्याच्या कार्डावरून फाइली उतरवण्यात आणि इकडून तिकडे हलवण्यात ६ तास. उरलेले २ तास किरकोळ.

आता प्रत्येक आकड्याचे कारण शोधले पाहिजे. सर्वांत मोठा आकडा १७ तासांचा. तो का? आजचे कॅमेरे चित्र फार घट्ट दाबून साठवतात. या मुलाचा कॅमेरा एच.२६५ पद्धतीने, १० बिट आणि ४:२:२ या प्रकारात चित्रण करतो. ४:२:२ म्हणजे उजेडाची माहिती पूर्ण ठेवायची आणि रंगाची माहिती निम्मी ठेवायची. त्यामुळे रंग सुधारताना चित्राला बळ राहते. परंतु ही घट्ट गाठ दर सेकंदाला पंचवीस-तीस वेळा सोडवणे हे कोअरांच्या दृष्टीने मोठे कष्टाचे काम आहे. त्यासाठी प्रोसेसरमध्ये किंवा ग्राफिक्स कार्डामध्ये एक स्वतंत्र लहानसा विभाग असतो, ज्याला हेच एक काम येते. एच.२६५च्या ४:२:२ प्रकाराची गाठ सोडवणारा असा विभाग इंटेलच्या अलीकडच्या ज्या प्रोसेसरांत अंगचे ग्राफिक्स असते त्यांत आहे. एएमडीच्या रायझन ९००० मालिकेत तो या प्रकारापुरता नाही. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांत तो २०२५मध्ये आलेल्या ५० मालिकेपासून आला. मुलाचे कार्ड त्याआधीचे होते.

याचा अर्थ ध्यानात घ्या. त्याच्या कागदावरच्या सर्वांत महागड्या प्रोसेसरात, चोवीस कोअरच्या थ्रेडरिपरमध्ये, अंगचे ग्राफिक्स मुळातच नाही. साडेतीन लाख खर्चून त्याने ते यंत्र आणले असते तर सतरा तासांच्या त्या गाठीवर चोवीस कामगार बळाने झटत बसले असते आणि जे काम पाऊण किमतीहूनही स्वस्त प्रोसेसरातला एक कारागीर सहज करतो, ते त्यांना जड गेले असते. इथे नावाचे शेपूटही पाहावे लागते. इंटेलच्या नावाअखेरीस 'एफ' असेल तर त्यात अंगचे ग्राफिक्स बंद असते. हजार-दीड हजार रुपये वाचवण्यासाठी 'केएफ' घेणाऱ्या चित्रफीत संपादकाने नेमके आपले हत्यारच दुकानात ठेवून यावे, असा तो प्रकार होतो.

एक्सथ्रीडीचेही असेच. त्यात कोअरांच्या जोडीला जास्तीची कॅश मेमरी बसवलेली असते. ९९५०एक्समध्ये ती ६४ मेगाबाइट आहे, ९९५०एक्सथ्रीडीमध्ये १२८. संगणकावरील खेळांना तिचा मोठा लाभ होतो. लग्नाच्या फिल्मला तो फारसा होत नाही.

उरलेले आकडेही वहीनेच उलगडले. रंग आणि परिणाम यांचा बराचसा भार ग्राफिक्स कार्डावर असतो. फाइली उतरवण्याचे सहा तास जुन्या फिरत्या डिस्कचे होते. अंतिम स्वरूपाचे सात तास काही अंशी त्या दाबण्या-सोडवण्याच्या विभागाचे आणि काही अंशी कोअरांचे. चाळीस तासांत प्रोसेसरच्या निव्वळ कोअरसंख्येवर अवलंबून असलेले तास हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघाले.

मुलगा मात्र लगेच पटणारा नव्हता. 'पण फादर, जास्त कोअर म्हणजे जास्त स्पीड नाही का? शहरातल्या स्टुडिओत चोवीस कोअरचा आहे,' असे तो म्हणाला. त्याच्या या प्रश्नाचे उत्तर जीन अॅमडाल या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९६७ सालीच देऊन ठेवले आहे. कोणत्याही कामाचा काही भाग वाटून घेता येतो आणि काही भाग एकामागून एकच करावा लागतो. कामगार कितीही वाढवले तरी त्या न वाटता येणाऱ्या भागापाशी सर्वांना थांबावे लागते. समजा, कामाचा एक दशांश भाग असा आहे. तर आठ कामगारांनी काम ४.७ पट वेगाने होते, सोळांनी ६.४ पट, आणि चौसष्टांनी ८.८ पट. आणि लाख कामगार लावले तरी दहा पट होत नाही.

हे मी त्या दोघांना त्यांच्याच घरी, ओट्यावर बसून सांगत होतो. वडील इतका वेळ गप्प होते. मुलाला आकडे पटत नव्हते असे पाहून ते एकदम बोलले.

'अरे, स्लॅब कसा भरतात? पन्नास माणसं लावली तर एका दिवसात स्लॅब भरून होतो. पण सेंटरिंग काढायला? पन्नास लावा की पाचशे लावा, सिमेंटला जेवढे दिवस पाहिजेत तेवढे पाहिजेतच. रोज पाणी मारायचं आणि वाट बघायची.'

मुलगा वडिलांकडे पाहत राहिला. मीही पाहत राहिलो. अॅमडालचा नियम मी वर्षानुवर्षे मुलांना सांगत आलो आहे, परंतु इतक्या नेमक्या शब्दांत तो मला कधी सांगता आला नव्हता. त्यानंतर वडिलांनी एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि त्यांचा प्रत्येक प्रश्न कारागिराचा होता. 'हे कार्ड-कार्ड काय म्हणतोस ते कशाला लागतं? तू दिवसभर नक्की करतोस काय त्या पडद्यापुढे?' मुलाने संगणक सुरू केला आणि एका लग्नाच्या चित्रीकरणातले कच्चे तुकडे कसे निवडतो, कसे सांधतो, आवाज कसा जुळवतो ते दाखवले. बापाने मुलाचे काम इतक्या जवळून प्रथमच पाहिले होते, हे दोघांच्याही चेहऱ्यावरून समजत होते.

यानंतर पायाचा प्रश्न आला. प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तिला सॉकेट म्हणतात आणि सॉकेट बदलले की मदरबोर्ड बदलावा लागतो. एएमडी या बाबतीत उदार आहे. तिचे एएम४ सॉकेट प्रोसेसरांच्या अनेक पिढ्यांना पुरले आणि २०२२मध्ये आलेल्या एएम५ला २०२७पर्यंत आणि त्यापुढेही आधार देण्याचे तिने जाहीर केले आहे. इंटेलची सॉकेटे त्या मानाने लवकर बदलतात. मी हे प्रामाणिकपणे सांगितले, कारण या एका मुद्द्यावर पारडे एएमडीकडे झुकत होते. वडील म्हणाले, 'म्हणजे माडी चढवायची सोय. पण तू माडी चढवणार आहेस का?' मुलाने विचार केला. आठ वर्षांत त्याने मेमरी वाढवली होती, डिस्क बदलली होती, ग्राफिक्स कार्ड बदलले होते. प्रोसेसर कधीच बदलला नव्हता. 'जी माडी चढवायची नाही तिच्यासाठी पाया जाड घातला, तर ते पैसे जमिनीत पुरल्यासारखेच,' असे वडील म्हणाले आणि तो मुद्दा तेथेच संपला.

शेवटचा विचार उष्णतेचा होता. मुलाची खोली पत्र्याच्या छपराची. मे महिन्यात तिथे पंखा गरम वाराच फिरवतो. पंखा असो की पाण्याचा कूलर, प्रोसेसरला थंड करणारे कोणतेही साधन त्याला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. त्यामुळे परदेशातल्या वातानुकूलित खोलीत केलेल्या चाचण्यांचे आकडे आपल्या खोलीत जसेच्या तसे उतरत नाहीत. वरच्या पायरीवरचे प्रोसेसर २५० वॅटच्या घरात वीज ओढतात आणि थ्रेडरिपरची मर्यादा ३५० वॅट आहे. त्यातही शेवटच्या थोड्याशा वेगासाठी विजेची उधळपट्टी सर्वांत जास्त होते. वेग वाढवायचा तर विजेचा दाब वाढवावा लागतो आणि विजेचा खर्च दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग आणि दाब दोन्ही दहा टक्क्यांनी वाढवले तर वीज सुमारे तेहतीस टक्क्यांनी वाढते.

चाचण्यांच्या यादीत पहिला नंबर मिळवण्यासाठी प्रोसेसर किती ताणावेत, याला मर्यादा आहे. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील काही वरच्या दर्जाचे प्रोसेसर अस्थिर होत असल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या, तेव्हा २०२४मध्ये खुद्द कंपनीने विजेचा दाब गरजेपेक्षा जास्त मागितला जात असल्याचे मान्य केले, सुधारणा पाठवल्या आणि त्या प्रोसेसरांची हमी दोन वर्षांनी वाढवली. कोअर अल्ट्रा २०० मालिका ही त्यानंतरची, निराळ्या घडणीची. तरीही मी मुलाला मदरबोर्डाच्या मांडणीतच विजेची मर्यादा १२५ वॅटवर बांधून घ्यायला सांगितले. वेग थोडाच घटतो, पण पंख्याचा आवाज, खोलीचा ताप आणि विजेचे बिल यांत जाणवेल इतका फरक पडतो.

सरतेशेवटी निवड झाली ती इंटेलच्या कोअर अल्ट्रा ७ २६५केची. वीस कोअर, त्यांपैकी आठ मोठे आणि बारा लहान. कमाल वेग ५.५ गिगाहर्ट्झ. म्हणजे सेमिनरीतल्या त्या ४८६च्या घड्याळाहून त्र्याऐंशी पट जलद आणि तरीही आपल्या मालिकेत दुसऱ्या नंबरचा. ऑक्टोबर २०२४मध्ये तो ३९४ डॉलर किमतीला आला, म्हणजे पहिल्या नंबरच्या २८५केपेक्षा १९५ डॉलर स्वस्त. गाठ सोडवणारा कारागीर दोघांतही आहे. वाचलेल्या पैशांतून ६४ गिगाबाइट मेमरी, दोन जलद एसएसडी डिस्क, फिल्मांच्या प्रती ठेवायला एक निराळी मोठी डिस्क आणि एक चांगला यूपीएस एवढे सर्व बसले. पावसाळ्यात वीज जाते-येते तेव्हा रात्रभराचे काम वाचवणारा यूपीएस हा कोणत्याही प्रोसेसरपेक्षा जलद असतो. एकूण खर्च दोन लाखांच्या आत राहिला आणि मुदत ठेवीचा मोठा भाग जागच्या जागी राहिला.

खरेदीसाठी बाप-लेक लॅमिंग्टन रोडला गेले. ग्रँट रोड स्थानकाजवळच्या या रस्त्याचे कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे, पण विजेच्या आणि संगणकाच्या मालाच्या गिऱ्हाइकांना तो जुन्या नावानेच ठाऊक आहे. जाण्यापूर्वी मी तीन सूचना दिल्या होत्या. प्रोसेसर सीलबंद खोक्यातलाच घ्यायचा, सुटा 'ट्रे'मधला घ्यायचा नाही, कारण सुट्या मालाला उत्पादकाची तीच हमी मिळत नाही. खोक्यावरचा अनुक्रमांक बिलावर लिहून घ्यायचा. आणि बिल जीएसटीसहच घ्यायचे, मग दुकानदार कितीही सवलत देऊ करो. सील तपासण्याचे काम वडिलांनी केले. आयुष्यभर सिमेंटच्या गोण्यांची शिवण तपासलेला माणूस तो, त्याला या बाबतीत शिकवण्याची गरज नव्हती.

पुढे त्याच वर्षाच्या अखेरीस मेमरीचे भाव एकाएकी भडकले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांनी जगातील मेमरीचे उत्पादन आपल्याकडे ओढून घेतले. ६४ गिगाबाइट आधीच घेऊन ठेवली हे बरे झाले, असे मुलगा अधूनमधून म्हणतो. त्यात आमचे शहाणपण काही नव्हते. वहीत तिची गरज दिसली होती, एवढेच.

यावरून कोणी असे समजू नये की मोठा प्रोसेसर घेणे म्हणजे नेहमीच उधळपट्टी. त्याच सुमारास धर्मग्रामातील एक अभियंता मुलगी सल्ल्यासाठी आली होती. नळातून आणि यंत्रांभोवती वाहणाऱ्या हवेचे गणित मांडणे हे तिचे काम. त्या गणिताचे तुकडे फार उत्तम प्रकारे वाटून घेता येतात आणि त्याला मेमरीतून माहितीचा अखंड लोंढा लागतो. साध्या प्रोसेसरांना मेमरीच्या दोन वाटा असतात, थ्रेडरिपरला चार. तिची वही पाहिल्यावर मी तिला थ्रेडरिपरच घ्यायला सांगितले. तिच्या बाबतीत स्वस्त यंत्र घेणे हीच उधळपट्टी ठरली असती, कारण तिचे दिवस वाया गेले असते. एकच वस्तू एकाच्या घरी गरज असते आणि दुसऱ्याच्या घरी मिरवण्याची बाब.

पालकांनो, तुमची मुले अशा महागड्या यंत्रांची मागणी करतील तेव्हा तिला खेळणे म्हणून झिडकारू नका आणि आपल्याला यातले काही कळत नाही म्हणून डोळे मिटून पैसेही देऊ नका. कळत नाही असे फार थोडे असते. तू काय काम करतोस, त्यात कुठे अडतोस आणि हे घेतल्यावर ते अडणे नेमके कसे सुटेल, एवढे तीन प्रश्न विचारायला संगणकाचे ज्ञान लागत नाही. शेतात, सुतारकामात, बांधकामात किंवा स्वयंपाकघरात ज्याने आयुष्य काढले आहे त्याला हत्यार आणि काम यांचे नाते ठाऊक असतेच. मुलांनीही उत्तरे देण्याचा कंटाळा करू नये. ज्याच्या पैशाने यंत्र येणार त्याला आपले काम समजावून सांगणे हा त्या यंत्राच्या किमतीचाच एक भाग आहे.

त्या घरातला अबोला कधी संपला हे मला कोणी सांगितले नाही आणि मी विचारलेही नाही. यंदाच्या हंगामात मुलाच्या फिल्म महिन्याभरात लोकांच्या हातात पडल्या, एवढे मला लोकांकडून समजले. वडील संध्याकाळी त्याच्या खोलीत जाऊन बसतात. मुलगा सांधत असलेल्या तुकड्यांकडे ते डोळे बारीक करून पाहतात आणि एखादा सांधा मनासारखा जमला नसेल तर ओळंबा चुकलेल्या भिंतीपुढे उभे राहिल्यासारखे म्हणतात, 'हा जरा तिरका गेलाय. परत कर.' मुलगा परत करतो.